कासाराच्या घरचा कानोसा

गोष्ट अजून घडायची आहे. पण घडेपर्यंत ऐकणाऱ्याला दम कुठला, म्हणून घडून गेल्यासारखी सांगितलेली बरी.

बार्शीच्या बाजारात वेळापुऱ्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. त्या काळात मनगटाचा फोटो पाठवला की मापाची बांगडी यंत्रातून छापून घरपोच येत असे. तरी बायका दिगंबर वेळापुऱ्यांकडे यायच्याच. छापलेली बांगडी आपली आपण चढवावी लागते. दिगूशेठ मात्र बाईचा हात हातात घेत, अंगठ्याखालचा उंचवटा दाबत, सासरची विचारपूस करत, आणि बांगडी चढली हे बाईला कळायचं ते मनगटात किणकिण झाल्यावर. त्यांनी एकदा पैजेवर तोंडल्याच्या मापाची बांगडी दुधी भोपळ्यावर चढवली होती, अशी गावात वदंता होती. दिगूशेठनी ती कधी नाकारली नाही. फक्त भोपळा लहान होता, एवढंच ते म्हणत.

त्या दुकानात एक शब्द चालत नसे. बांगडी फुटली असं कुणी म्हणायचं नाही. फुटली तर 'वाढली' म्हणायचं. तसं घरोघरी म्हणतातच, पण वेळापुऱ्यांकडे तो कायदाच होता. नवखं गिऱ्हाईक "अगंबाई, फुटली की" असं म्हणालं की गल्ल्यावर बसलेली भामाआत्या, म्हणजे दिगूशेठची थोरली विधवा बहीण, तिथूनच हाक द्यायची, "वाढली म्हण गं बाई. तोंड काय झिजतंय व्हय तुझं?"

मग दिगूशेठची लेक चारू जन्माला आली. जन्मतानाच तिचा उजवा दंड मोडला. नर्सने बाळ उचललं आणि घाबरून म्हणाली, "अहो, हात मोडलाय पोरीचा."

बाळंतीण सुमती खाटेवरून म्हणाली, "मोडलाय म्हणू नका, सिस्टर. कासाराची लेक आहे. वाढलाय म्हणा."

खोलीतले सगळे हसले. दिगूशेठही हसले आणि हसता हसता खिडकीकडे वळून उभे राहिले. त्या दिवसापासून घरचा कायदा काचेवरून हाडांवर आला.

आता चारूला काय झालं होतं ते सांगितलं पाहिजे. आपल्या हाडात नुसता चुना नसतो. कोलॅजन नावाचं एक प्रथिन असतं आणि ते तीन पेडांच्या वेणीसारखं गुंफलेलं असतं. त्या वेणीमुळे हाड वाकतं, धक्का खातं, पण तुटत नाही. पेड कसा वळायचा हे जनुकात लिहिलेलं असतं. चारूच्या जनुकात एका जागी एक अक्षर भलतंच पडलं होतं. त्यामुळे एक पेड वाकडा आणि सगळी वेणी भुसभुशीत. अशा मुलांच्या डोळ्यांचा पांढरा भागही पातळ पडतो आणि त्यात निळसर झाक येते. चारूचे डोळे कपबशीच्या जुन्या चिनी मातीसारखे दिसत. हा आजार मुळातच दुर्मिळ. त्यातही चारूच्या तऱ्हेचा बिघाड असलेली माणसं सबंध राज्यात एका जेवणाच्या पंगतीत मावली असती.

मूल मोठं होत गेलं आणि हाडं वाढत गेली. म्हणजे वेळापुऱ्यांच्या अर्थाने. शिंक आली, बरगडी वाढली. कूस बदलली, खुबा वाढला. सुमतीने पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं की पोरीसमोर रडायचं नाही. त्यामुळे हे सगळं त्या घरात भाजी महागल्याच्या सुरात बोललं जायचं. चारू प्राथमिक शाळेत असताना सुमतीच तापाचं निमित्त होऊन गेली. तिच्या माघारी तो शब्द दिगूशेठनी आणखीच जपला. सुमतीच्या साड्या त्यांनी वाटून टाकल्या, फोटो भिंतीवर लावून टाकला, पण तिचा आवाज उरला होता तो त्या एका शब्दात.

चारू विशीत आली तेव्हा पुण्याच्या एका केंद्राने औषध काढलं. वाकडा पेड गप्प करायचा आणि सरळ पेडाची आज्ञा पेशीला द्यायची, असं ते औषध. काहींच्या पेशी आज्ञा ऐकत, काहींच्या नुसत्या मान डोलवत. कुणाच्या ऐकतील ते आधी सांगता येत नसे. औषध इतकं नाजूक की थोडंच बनायचं आणि बनलं की लगेच द्यावं लागायचं. म्हणून घेणारे मोजके आणि दाराशी वाट बघणारे बाकीचे.

मग प्रश्न असा आला की औषधाने बरं वाटतंय हे ठरवायचं कसं? पूर्वी हाडं मोजत. पण हे आजारी लोकच एकदा एकत्र येऊन म्हणाले, आमची हाडं मोजू नका, आमचं जगणं मोजा. बरोबरच होतं त्यांचं. खुर्चीत बसून मजेत जगणारा माणूस आणि धडधाकट पायांनी रडत फिरणारा माणूस सगळ्यांनीच पाहिलेला असतो. तर जगणं मोजायचं ठरलं. आधी विचारून पाहिलं. पण मराठी माणसाला कसं चाललंय म्हणून विचारलं तर तो स्मशानाच्या वाटेवरूनही "बरं आहे" म्हणतो. दुखण्याबरोबर जन्म काढलेला तर हमखास म्हणतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं की विचारायचंच नाही, नुसतं ऐकायचं.

त्यातून कानोसा निघाला. शर्टाच्या बटणाएवढं राखाडी यंत्र. एक आजाऱ्याच्या कपड्यावर, एक घरातल्या भिंतीवर. ते दिवसभर घरातलं बोलणं ऐकायचं. आवाज कापतो का, बोलण्याआधी माणूस किती थांबतो, हसणं पोटातून येतं की ओठातून, घरात उद्याबद्दल किती बोलतात आणि कालबद्दल किती, हे सगळं तोलायचं. शब्दही तोलायचं. चढणं, फुलणं, वाढणं यांना वरचं माप. तुटणं, मोडणं, संपणं यांना खालचं. आणि वरचा शब्द शांत आवाजात आला तर त्याला सगळ्यांत जास्त गुण. त्यातून एक आकडा निघे आणि केंद्राला फक्त तो आकडा जाई. बोलणं पुन्हा ऐकायचा हक्क घरच्यांनाच होता, आणि आपलंच बोलणं पुन्हा ऐकायची हौस कुठल्या घरात असते?

नियम सोपा होता. आकडा चढत असला तर औषध चालू. उतरू लागला तर औषध लागू पडत नाही असं समजून ते दाराशी उभ्या असलेल्याला द्यायचं.

कानोसा घरात आला तेव्हा भामाआत्याने त्याला आधी संशयाने पाहिलं आणि मग घरचाच करून टाकलं. शेजारच्या कमळाबाईबद्दल बोलायचं असलं की ती त्याच्यावर पोळ्यांचं फडकं टाकायची. पाडव्याला तिने त्याला साखरेची गाठी घातली.

"अक्का, ते यंत्र आहे," दिगूशेठ म्हणाले.

"आसू दे की. ऐकतंय ना आपलं? मग त्वांड गोड करून ऐकू दे."

आणि आकडा चढला. औषध सुरू झालं आणि चारूचा आकडा भज्यांच्या घाण्यासारखा फुगत गेला. डॉक्टर पारसनीसबाई दर खेपेला पडद्यावरची रेघ दाखवत आणि त्यांचा चेहरा उजळून जाई. त्या हुशार होत्या, मायाळू होत्या आणि या मुलांसाठी त्यांनी संसारही केला नव्हता.

"दिगूशेठ, ही मुलगी म्हणजे नवल आहे. औषध सुरू झाल्यावरही हिची हाडं मोडतायत, मला दिसतंय ते. पण ऐन त्याच दिवसांत हिचं जगणं उंच उडी घेतं. मी परदेशातल्या परिषदेत हिच्याबद्दल बोलणार आहे."

"बोला की," दिगूशेठ म्हणाले आणि बार्शीला परतून त्यांनी पेढे वाटले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ते सांगत, "आमच्या चारूचा आकडा सगळ्यांत वर." शाळेत कधी धड बसू न शकलेली पोर अखेर पहिली आली होती.

त्याच केंद्राच्या व्हरांड्यात चारूला शिरीन भेटली. उदगीरची, सहा-सात वर्षांची, पायाला प्लास्टर, डोळ्यांत तीच निळसर झाक. वाट बघणाऱ्यांत तिचा नंबर पहिला होता. तिची आई, नसीमभाभी, डबा उघडून तिच्यामागे लागली होती आणि शिरीनचं लक्ष चारूच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवर.

"दीदी, तुझं काय झालंय?"

"मनगट. गेल्या महिन्यात वाढलं."

"वाढलं म्हणजे?"

"मोडलं."

"मग मोडलं का नाही म्हणत?"

"आमच्या घरी चालत नाही."

शिरीनने घास गालात धरून विचार केला. "मग खरंच काही वाढलं तर काय म्हणता?"

चारू हसली. नसीमभाभी म्हणाली, "हिच्या तोंडी लागू नकोस, बेटा. वकील हाय ही."

"मला पण अशा बांगड्या पायजेत," शिरीन म्हणाली.

"हाड पक्कं झालं की घालू," भाभी म्हणाली. किती वेळा म्हटलं असेल ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

"आमच्या दुकानात ये," चारू म्हणाली. "माझे अण्णा चढवतील. भोपळ्याला सुद्धा चढवतात ते."

परतताना गाडीत चारू गप्प होती. दिगूशेठना वाटलं, दमली असेल. पण ती शिरीनचा प्रश्न चघळत होती. घरी आल्यावर तिने बोलणं पुन्हा ऐकायचा तो हक्क प्रथमच वापरला. आकड्याची रेघ काढली, रेघ जिथे जिथे उंच होती तिथे बोट ठेवलं, आणि त्या दिवशी घरात काय बोलणं झालं ते ऐकत बसली.

दुपारी दिगूशेठ जेवायला आले तर ती म्हणाली, "अण्णा, बसा. आपला कार्यक्रम आहे रेडिओवर."

पहिला आवाज त्यांचाच होता. सावकाश, कुठेही न कापणारा. 'अक्का, चारूचं मनगट वाढलं बघ. हळदीचं दूध कर जरा.'

मग भामाआत्या. 'मांडी वाढली व्हय? बरं बरं. मी पाट सरकवते.'

मग चारू स्वतः, हसत. 'अण्णा, अजून एक बरगडी वाढली. मोजदाद ठेवा, नाहीतर कमी-जास्त व्हायची.'

"हे तीन सगळ्यांत आनंदाचे दिवस," चारू म्हणाली. "हे असले दिवस काढून टाकले तर रेघ आडवी आहे. थोडी उतरलेलीच आहे."

दिगूशेठना कळायला वेळ लागला. मग ते हसले. "म्हणजे त्याला वाटलं, खरंच वाढलं? खुळं आहे की ते."

"खुळं नाही. शब्द वरचा आहे आणि आपला आवाज शांत आहे. त्याला शिकवलंय तसंच त्याने ऐकलं."

"मग आपण काय खोटं बोललो?"

"नाही. पण औषध मला लागू पडत नाहीये, अण्णा. पडलं असतं तर ताट उचलताना मनगट गेलं नसतं. बाईंना वाटतंय की मी मोडते तेव्हा फुलते."

"अजून पडेल लागू. एवढ्यात काय? मिळतंय तर मिळू दे."

"आणि शिरीन?"

"तिचं आपण काय घेतलंय?"

"जागा."

दिगूशेठनी पुढचं ताट बाजूला सारलं. "तुझ्या आईचा शब्द आहे तो, चारू."

"आईने तो मला हसवायला दिला होता," चारू म्हणाली. "लहान पोरीला दाराबाहेर ठेवायला नाही."

ते न जेवता दुकानात निघून गेले. त्या दुपारी त्यांच्या हातून बऱ्याच बांगड्या वाढल्या.

चारूने डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. 

"मला माहीत आहे गं तो शब्द," पारसनीसबाई म्हणाल्या. "माझी आजीही बांगडी वाढली म्हणायची, दिवा वाढवला म्हणायची. पण हाड... हाडाला कोण म्हणतं? मी परिषदेत उभी राहून सांगितलं चारू, की माणसाच्या मनाची उभारी हाडावर अवलंबून नसते. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"ते खोटं नाहीये, बाई. फक्त माझ्याबद्दल नाहीये."

"आकडा मी हाताने खाली आणू शकत नाही. आज कुणी खाली आणेल, उद्या कुणी वर नेईल. कानोशानेच तुमच्या घरातून सरळ बोलणं ऐकलं पाहिजे. पुढच्या डोसाच्या आत. तुझंही आणि सांभाळणाऱ्यांचंही. यंत्राच्या दुरुस्तीचं मी वर कळवते, पण वरची दुरुस्ती खाली कधी पोचेल सांगता येत नाही." मग त्या थांबल्या. "आणि हे सोडलंस तर तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

भामाआत्याला चारूने समजावून सांगितलं. आत्या पदर खोचून भिंतीवरच्या बटणासमोर जाऊन उभी राहिली. "मोडलं. मोडलं. फुटलं. तुटलं. ऐकलंस का रं मुडद्या?" ती इतक्या जोमात बोलली की संध्याकाळी आकडा थोडा वरच गेला. घरात उत्साह आहे, असं यंत्राने धरलं. चारू हसता हसता बरगड्या धरून बसली. मग आत्या न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभी राहिली.

दिगूशेठच्या तोंडून मात्र 'मोडलं' काही निघेना. चारूने विचारलं की ते म्हणत, "ते तसं झालं ना तेव्हा," नाहीतर "मनगटाचं ते." कासाराची जीभ, गिऱ्हाइकाला बोलता बोलता हात दाबायची सवय तिला. दुखेल तिथे बरोबर वळसा घ्यायची. आठवडे तसेच गेले. डोसाची तारीख जवळ आली आणि आकडा होता तिथेच वर बसून राहिला.

त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते घरी आले. चारूला चाकांच्या खुर्चीतून पलंगावर घ्यायचं होतं. ते काम ते कायम स्वतःच करत. एक हात गुडघ्यांखालून, एक पाठीमागून, तळवा पसरून, बोटांचा भार कुठेही न पडू देता. काचेचं सामान उचलायचा जन्माचा सराव होता. त्यांनी तसंच उचललं. कुठे काही चुकलं नाही.

आवाज आला. बांगडीचा येतो तोच. कट्.

चारूने ओठ दाताखाली धरला. उजवा दंड. जन्मतानाचाच.

दिगूशेठनी तिला अलगद खाली ठेवलं. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. त्यांचं तोंड उघडलं आणि सवयीने तो शब्द ओठापर्यंत आलाही. चारू त्यांच्याकडे बघत होती. ते निळसर डोळे, सुमतीसारखे रोखलेले.

"अण्णा, काय झालं?"

त्यांनी तिच्या दंडाखाली उशी सरकवली.

"अण्णा. मला सांगा ना. काय झालं?"

"मोडला," दिगूशेठ म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "माझ्या हातानं मोडला. अक्का, माझ्या पोरीचा हात मोडला गं माझ्या हातानं."

आणि ते पलंगाशी खाली बसले आणि रडले. पोरीच्या जन्माच्या दिवशी खिडकीकडे वळून जे राहून गेलं होतं, ते आणि त्यानंतरचं सगळं. गळा काढून रडले. शेजारची कमळाबाई आत्याशी असलेलं भांडण विसरून धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. भिंतीवरचं बटण ऐकत होतं. आकडा विहिरीत दोर सुटलेल्या बादलीसारखा खाली गेला असणार. त्या घरात कुणी तो बघितला नाही.

चारूने डावा हात त्यांच्या केसांवर ठेवला. "शहाणे माझे अण्णा," ती म्हणाली. "आता डॉक्टरांना बोलवा. दुखतंय मला. खूप दुखतंय."

तेही त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.

औषध शिरीनला गेलं. तिच्या पेशी आज्ञाधारक निघाल्या. पारसनीसबाईंनी फोन करून सांगितलं तेव्हा भामाआत्याने शिरा केला. चारूने दोन घास खाल्ले.

त्यानंतर चारू राहिली ती मार्गशीर्षापर्यंत. बरगड्या आत झुकत चालल्या होत्या आणि श्वासाला जागा उरत नव्हती. पण त्या महिन्यांत घर बोलू लागलं होतं. दुखतंय का, तर दुखतंय. भीती वाटते का, तर वाटते. एकदा तिने विचारलं, "आई चिडायची कशी हो?" आणि दिगूशेठनी सुमती चिडून माहेरी निघाली होती तो किस्सा सांगितला. एस.टी. स्टँडपर्यंत गेली, तिथे ओळखीच्या बाईने बांगड्यांचा भाव विचारला, म्हणून गिऱ्हाईक घेऊनच परत आली. किस्सा अर्धा रचलेला होता, पण चारूने तो चारदा सांगायला लावला. दर वेळी बांगड्यांचा रंग बदलायचा आणि ती पकडायची. कधी दोघं कडाडून भांडत. पंख्यावरून, पथ्यावरून, मी गेल्यावर खुर्ची कुणाला द्यायची यावरून.

औषध थांबलं तरी बटण भिंतीवरून ऐकतच होतं. एक दिवस पारसनीसबाईंचा फोन आला. "दिगूशेठ, रेघ चढतेय. हळूहळू, पण चढतेय. आणि या वेळी मी पुन्हा पुन्हा तपासलं, त्यात तो शब्द कुठेही नाही." त्या अडखळल्या. "नियमाप्रमाणे... म्हणजे औषधच नाही चालू, तर नियम काय लावणार?"

"चढू द्या," दिगूशेठ म्हणाले. "त्या रेघेकडे काही मागू नका."

बाईंनी ती रेघ कुठल्याच परिषदेत दाखवली नाही.

एका सकाळी उन्हाला खुर्ची लावली होती. भामाआत्या वाटीत तेल घेऊन केस विंचरायला आली, तेव्हा चारूचा श्वास थांबलेला होता. भेटायला येणारे म्हणत, गेली हो, सुटली, देवाघरी गेली. दिगूशेठ ऐकून घेत आणि म्हणत, "मेली माझी पोर." लोकांना ते बरं वाटलं नाही. कासाराच्या तोंडी असली भाषा कुणी ऐकली नव्हती. भामाआत्याने भिंतीवरचं बटण काढलं, पुसलं आणि पुण्याला पाठवायच्या आधी त्यावर साखरेचे चार दाणे ठेवले.

पुढल्या वर्षी संक्रांतीच्या आधी नसीमभाभी दुकानात आली. शिरीन तिच्या बोटाला धरून चालत आली होती. आपल्या पायांनी. पायरीवर थांबून तिने दुकान पाहून घेतलं.

"दीदीने बोलवलं होतं," ती म्हणाली. "तुमीच का भोपळेवाले चाचा?"

"मीच," दिगूशेठ म्हणाले. "भोपळा लहान होता."

त्यांनी हिरव्या बांगड्यांचा तोडा सोडला आणि तिचा हात हातात घेतला. लहान, गरम, घामेजलेला हात. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच अडलं. जन्मभर हजारो हात दाबलेलं ते बोट पुढे जाईना. भामाआत्या गल्ल्यावरून बघत होती.

"दाबा की चाचा," शिरीन म्हणाली. "डॉक्टर बोलल्या, चालतंय."

त्यांनी दाबलं. पहिली बांगडी चढली. दुसरी चढली. तिसरी सरकत असताना आवाज आला. कट्.

दिगूशेठनी हातातला तोडा टाकून दिला. त्यांनी तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं, चाचपलं, बोटं एकेक हलवून पाहिली, पुन्हा मनगट पाहिलं. शिरीन कुतूहलाने त्यांचा चेहरा बघत होती. मग तिने गादीवर पडलेला हिरवा तुकडा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"चाचा, फुटली."

गल्ल्यावर भामाआत्याने नकळत तोंड उघडलं आणि मिटलं. दिगूशेठ त्या तुकड्याकडे बघत राहिले. नुसती काच होती. त्या हातातलं बाकी सगळं जागच्या जागी होतं.

"फुटली नाही म्हणू, बाळ," ते हळूच म्हणाले. "वाढली म्हणायचं."

"वाढली," शिरीन म्हणाली आणि दुसरी काढा म्हणून हात पुढे केला.

तिच्या फ्रॉकवर राखाडी बटण होतं. वरची दुरुस्ती अजून खाली पोचली नव्हती. बटणाने तो शब्द ऐकला, दोन आवाज तोलले आणि आपल्या जुन्या समजुतीने आकडा वर सरकवला. या खेपेला त्याचं काही चुकलं नव्हतं.